तीन ते पंधरा

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)

आदरणीय सर, बाई आणि माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

मुला-मुलींनो म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं, ते ऐकलं मी. चाळीस वर्षं झाली तरी मागची रांग ती मागचीच रांग.

संयोजकांनी मला ‘पन्नाशीनंतरचं आरोग्य’ यावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. रक्तदाब, साखर, गुडघे. ते सगळं तुमचे डॉक्टर तुम्हाला सांगतातच आणि तुम्ही ऐकत नाहीच. मी सांगून काय वेगळं होणार? मी नर्स आहे. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या वॉर्डात आणि मग तिथल्याच अतिदक्षता विभागात माझी चौतीस वर्षं गेली. त्यामुळे मी ज्यातलं मला कळतं त्याच्याबद्दलच बोलणार. शिवाय तुमच्यापैकी काहीजणांना पंधरा वर्षांपासून माझ्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवंय, हे मला ठाऊक आहे. त्यावर येणारच आहे मी. पण त्याआधी थोडं शिकवावं लागेल. बाई, आज तुम्ही खाली बसा आणि मी फळ्यापाशी.

अपघात झालेला माणूस बेशुद्ध अवस्थेत आणला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘वाचेल ना?’ रिक्षावाला असो, बँकेतला साहेब असो, प्रश्न हाच आणि शब्दही हेच. या प्रश्नाचं उत्तर द्यायला डॉक्टरांकडे स्कॅन असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात. पण पहिलं उत्तर मिळतं ते यातल्या कशातूनही नाही. ते मिळतं एक पेन, एक टॉर्च आणि दोन मिनिटांत. त्या दोन मिनिटांच्या तपासणीला यंदा पन्नास वर्षं झाली.

पूर्वी बेशुद्धीचं वर्णन जो तो आपापल्या शब्दांत करायचा. एक डॉक्टर लिहायचा ‘गुंगीत’, दुसरा ‘अर्धवट शुद्धीत’, तिसरा ‘खोल बेशुद्ध’. सकाळच्या पाळीचा अर्धवट आणि रात्रीच्या पाळीचा अर्धवट एकच आहे का, कोण सांगणार? रुग्ण सुधारतोय की खालावतोय हेच कळत नसे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ब्रायन जेनेट आणि ग्रॅहम टीसडेल या दोन मेंदूशल्यचिकित्सकांनी यावर एक साधा उपाय काढला आणि १९७४ च्या जुलैमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. तेच ग्लासगो कोमा स्केल. आम्ही जीसीएस म्हणतो.

तीन गोष्टी बघायच्या. डोळे केव्हा उघडतो, बोलतो काय, आणि हातपाय कसे हलवतो. डोळ्यांना चारपैकी गुण: आपणहून उघडे असतील तर चार, हाक मारल्यावर उघडले तर तीन, नखावर पेन दाबल्यावर उघडले तर दोन, काहीच नाही तर एक. बोलण्याला पाचपैकी: आपण कोण, कुठे, कुठला महिना हे नीट सांगितलं तर पाच, गोंधळून बोलला तर चार, सुटे शब्दच आले तर तीन, नुसतं कण्हणं दोन, काहीच नाही, एक. हालचालीला सहापैकी, आणि माझ्या मते सगळा जीव इथेच आहे. ‘हात वर कर’ म्हटल्यावर केला तर सहा. सांगितलेलं कळत नाही, पण खांद्याजवळ चिमटा घेतल्यावर आपला हात तिथपर्यंत आणून चिमटा काढणारा हात झटकायला बघतो, तर पाच. हात नुसता मागे ओढून घेतला तर चार. हात कोपरात विचित्र आखडून छातीवर आला तर तीन. आणि हात काठीसारखे ताठ होऊन मनगटं आत वळली तर दोन. ते दोन एकदा बघितलं की विसरता येत नाही. काहीच हललं नाही तर एक.

म्हणजे सगळ्यात चांगला पंधरा आणि सगळ्यात वाईट तीन. शून्य यात नाहीच. नवीन मुली शिकायला आल्या की मी मुद्दाम विचारते, ‘टेबलाचा स्कोअर किती?’ हुशार मुली म्हणतात शून्य. मी म्हणते, ‘तीन’. आठ किंवा त्याखाली असेल तर ती डोक्याची गंभीर दुखापत धरतात.

यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की हे प्रमाण मोठ्या डॉक्टरांसाठी केलेलं नव्हतं. रात्री तीन वाजता रुग्णाजवळ मोठा डॉक्टर नसतो, नर्स असते. तिलाही, काल रुजू झालेल्या शिकाऊ डॉक्टरलाही आणि प्रोफेसरांनाही तेच दिसावं आणि तेच लिहिता यावं, असं ते हवं होतं. म्हणून त्यांनी पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, नर्सेससाठी निघणाऱ्या ‘नर्सिंग टाइम्स’मध्ये त्यावर लिहिलं आणि खाटेपाशी लावायचा तक्ताही दिला. मी १९९० साली वॉर्डात आले तेव्हा त्या तक्त्याची झेरॉक्सची झेरॉक्स आमच्याकडे होती. रेघा पुसट झालेल्या. त्यावर ठिपके काढायचे आणि जोडायचे. भूमितीच्या वहीत आलेख काढायचो तसंच. सर, तुम्ही माझा आलेख दोनदा फाडला होता, त्याचा उपयोग झाला.

आता माझी चूक सांगते. ही मी वॉर्डात नव्या मुलींना दरवर्षी सांगते, पण तुमच्यापुढे पहिल्यांदाच.

१९९३ सालची गोष्ट. लोकलमधून पडलेला एक तेवीस वर्षांचा मुलगा. स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव होता, ऑपरेशन करण्याएवढा नाही. लक्ष ठेवा, म्हणून सांगितलेलं. रात्री दहा वाजता मी तपासलं. हाक मारल्यावर डोळे उघडतो, तीन. गोंधळलेलं बोलतो, चार. सांगितलं ते ऐकतो, सहा. एकूण तेरा. एक वाजता पुन्हा तपासलं. आता डोळे टक्क उघडे, चार. बोलणं तसंच, चार. पण हात वर कर म्हटलं तर करत नव्हता. चिमटा घेतला की हात झटकत होता, पाच. एकूण किती? तेराच. त्या रात्री पंचेचाळीस खाटा आणि आम्ही दोघी. तक्ता संपला होता म्हणून मी केसपेपरवर नुसतं लिहिलं: ‘जीसीएस तेरा’. डॉक्टर फेरीला आले, दहाला तेरा, एकला तेरा, स्थिर आहे म्हणाले आणि पुढे गेले. त्यांचं काही चुकलं नाही. मी जे लिहिलं ते त्यांनी वाचलं.

डोळे उघडले होते ते शुद्ध आली म्हणून नव्हे. आतला दाब वाढत होता आणि तो अस्वस्थ होता. सांगितलेलं कळेनासं झालं, ही खरी बातमी होती, आणि मी ती बेरजेत बुडवली. पावणेचारला त्याची डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि टॉर्च मारला तरी आकसेना. मग धावपळ, स्कॅन, ऑपरेशन. वाचला तो. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ‘आई’ आणि ‘नको’ एवढे दोन शब्द राहिले. त्याची आई वर्षभर त्याला व्यायामाला घेऊन यायची आणि येताना माझ्यासाठी चाफ्याची फुलं आणायची. मी तिला कधी सांगितलं नाही.

आपल्या प्रगतिपुस्तकात एकूण टक्केवारीच्या वर विषयवार गुण असायचे, आठवतं? घरी आपण टक्के सांगायचो आणि वडील आधी गणिताच्या रकान्यावर बोट ठेवायचे. तसंच आहे हे. गंमत म्हणजे त्या ग्लासगोच्या मूळ लेखात बेरीज नव्हतीच. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्याच नोंदवायच्या होत्या. आकडे आणि बेरीज नंतर आली, सोयीसाठी. हालचालीची सहावी पायरीही नंतर घातलेली. मी मात्र त्या रात्रीपासून एकदाही नुसती बेरीज लिहिलेली नाही. ई एवढे, व्ही एवढे, एम एवढे. मुली म्हणतात, सिस्टर फार कटकट करतात.

आता बाहुलीचं सांगते, कारण पुढे लागणार आहे. कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्त साठलं की मेंदूला सरकायला वाट नाही. तो खालच्या बाजूला ढकलला जातो, आणि तिथून डोळ्याकडे जाणारी एक नस चेपली जाते. मग त्या बाजूची बाहुली उजेडाला आकसत नाही. एक बाहुली गेली तर अजून थोडा वेळ हातात आहे. दोन्ही गेल्या तर फार थोडा.

हे प्रमाण चुकतंही. दारू प्यालेला माणूस, साखर उतरलेला माणूस, फिट येऊन गेलेला माणूस, सगळे कमी गुण मिळवतात. श्वासासाठी घशात नळी घातली की बोलणार कसा? मग आम्ही आकड्यापुढे इंग्रजी ‘टी’ लिहितो. नळी घालताना झोपेचं आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. त्यानंतर तपासलं तर धडधाकट माणसालाही तीनच मिळतील. एका कॉलेजच्या पोराच्या घरच्यांना असं तीन सांगून कोणीतरी घाबरवून सोडलं होतं. औषध उतरल्यावर पोराने हात वर केला आणि नळीच उपटायला निघाला. आईबाप रडत होते, आम्ही त्याचे हात धरत होतो.

आणि भाषा! आमच्याकडे एकदा आपल्याच बाजूची एक म्हातारी होती, बैलगाडीवरून पडलेली. दूरच्या राज्यातून शिकायला आलेला एक चांगला, मेहनती डॉक्टर तिला विचारतोय, महिना कौन सा है? ती म्हणते, ‘श्रावण’. त्याने लिहिलं, गोंधळलेली, चार. मी म्हटलं, सर, बाहेर बघा, पाऊस आणि ऊन दोन्ही आहे, तिला पाच द्या. त्याच म्हातारीला मग त्याने विचारलं, आप कहाँ हैं? ती मला म्हणाली, ‘ह्येका इतकापण म्हायत नाय?’ त्यावर मी तिला सहा दिले असते.

आता त्या प्रश्नाकडे येते. वाचेल का?

१९७४ चं हे प्रमाण भविष्य सांगायला केलेलं नव्हतं, आता काय चाललंय ते सांगायला केलेलं होतं. पण जेनेट यांना तोही प्रश्न पडलेला होताच. त्यांनी ग्लासगो, नेदरलँड्स आणि लॉस एंजेलिस इथल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि नुसतं जगला की मेला नव्हे, सहा महिन्यांनी तो कसा जगतोय हे मोजायलाही १९७५ मध्ये मायकेल बाँड या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर पाच पायऱ्या ठरवल्या. पुढे हे गणित वाढत गेलं. २००८ साली दोन मोठी गणितं प्रसिद्ध झाली. एकात साडेआठ हजार रुग्ण, दुसऱ्यात दहा हजार. दोन्हीकडे घोळून घोळून त्याच गोष्टी वर आल्या: वय किती, गुण किती, आणि बाहुल्या आकसतात का. त्या साडेआठ हजारांच्या अभ्यासात तर तिन्ही गुणांपैकी फक्त हालचालीचा घेतला, तो पुरला. दहा हजारांच्या गणितात आणखी एक गोष्ट विचारतात, ‘देश कुठला?’ तेवढीच जखम, तेवढेच गुण, पण गरीब देशातला माणूस जगण्याची शक्यता कमी. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग आमचा व्हरांडा आठवला आणि राग कुणावर करायचा ते कळेना.

डोकं सोडून सगळं शरीर जखमी असेल तिथेही हेच. जखमींची निवड करायला १९८९ पासून एक प्रमाण वापरतात. त्यात रक्तदाब, श्वास आणि जीसीएस या तीन गोष्टी असतात, आणि तिघांत सर्वात जास्त वजन जीसीएसला आहे. पोटात रक्त वाहत असलेल्या माणसाचंही भवितव्य त्याचा मेंदू जास्त सांगतो.

ता. क. म्हणून एक सांगते. त्या दहा हजार रुग्णांच्या अभ्यासात मुळात एक औषध तपासत होते, स्टिरॉइड. डोक्याला मार लागला की सूज उतरायला ते द्यायची जगभर पद्धत होती. मी स्वतः किती इंजेक्शनं दिली असतील, गणती नाही. २००४ मध्ये निकाल आला: औषध दिलेल्यांपैकी २१ टक्के दोन आठवड्यांत गेले, न दिलेल्यांपैकी १८. आपण भलं करतोय असं वाटणं आणि भलं होणं यातलं अंतर तीन टक्के. मोजलं नसतं तर आजही देत बसलो असतो.

२०१८ मध्ये टीसडेल यांनीच, म्हातारपणी, सहकाऱ्यांबरोबर एक दुरुस्ती सुचवली. जीसीएसमधून न आकसणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करायची. म्हणजे तीन गुण आणि दोन्ही बाहुल्या गेलेल्या, तर तीन वजा दोन, एक. पूर्वी तीन गुणांच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे सहा महिन्यांत जातात असं दिसायचं. हे वजा केल्यावर सर्वात खालच्या पायरीवर दिसलं की चारांतले तीन जातात.

चारांतले तीन. चौथा राहतो, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी आधारानेच राहतो. माझी सगळी नोकरी त्या चौथ्याच्या अवतीभवती गेली असं म्हटलं तरी चालेल. कारण गणित शंभर माणसांचं असतं आणि खाटेवर एकच असतो.

आता आपल्या मित्राबद्दल. त्याच्या बायकोला विचारून बोलते आहे. नाव घेऊ नकोस म्हणाली, आणि तुम्हाला नाव सांगायची गरजही नाही. इथे प्रत्येकाने त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून नदीवर चक्कर मारलेली आहे.

२००९ चा जुलै. कशेडी घाटात, पावसात, मोटरसायकल. हेल्मेट घरी खुंटीला. आता तिथे बोगदा झालाय आणि १०८ ला फोन केला की गाडी येते. तेव्हा यातलं काही नव्हतं. तो रस्त्याकडेला किती वेळ होता कुणालाच माहीत नाही. वाहनं थांबली नाहीत, कारण पोलिसांची भीती. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा यायला अजून दहा वर्षं होती. शेवटी एका आंब्याच्या टेंपोने उचललं. एक दवाखाना, दुसरा दवाखाना, आणि पहाटे अडीचला आमच्याकडे. मी रात्रपाळीला होते. चिखल आणि रक्त पुसेपर्यंत मला कळलं नाही कोण आहे ते. मग हनुवटीवरची खूण दिसली, कबड्डीत पडला होता ती.

नळी घालायच्या आधी मी तपासलं. डोळे, एक. बोलणं, एक. नखावर पेन दाबलं. हात ताठ झाले, मनगटं आत वळली. दोन. एकूण चार. उजवी बाहुली मोठी, न आकसणारी. डावी अगदी सावकाश. मांडीचं हाड मोडलेलं, पोटात रक्त, रक्तदाब लागत नव्हता. तासाभरात डावी बाहुलीही गेली. वय एक्केचाळीस. स्कॅनमध्ये मेंदू एका बाजूला ढकललेला, सगळीकडे सूज. आमच्या सर्जनांनी बराच वेळ फिल्म दिव्यापुढे धरली. मग म्हणाले, आधी पोटातलं थांबवू. डोकं उघडून काही हाती लागेलसं वाटत नाही.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. ओल्या साडीत. मला म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही आहात हो. वाचतील ना?’ मी म्हटलं, ‘डॉक्टर प्रयत्न करतायत.’ हे आमचं ठरलेलं वाक्य. कुणाचंच त्यात काही जात नाही. ते म्हणून मी स्टोअररूममध्ये गेले आणि सलाईनच्या खोक्यांवर बसले. मनात गणित होतं. कागदावरचं कुठलं तेव्हा मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत बघितलेले चेहरे होते. चेहरे मोजले. मग परत गेले आणि त्यांच्या शेजारी बसून सांगितलं, ‘वहिनी, मला खोटं बोलता येत नाही. फार कमी आशा आहे. मुलांना बोलवून घ्या.’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. भावाला फोन लावला. मुलं पहाटेच्या एसटीने निघाली आणि दुपारी पोहोचली. धाकटी सात वर्षांची. तिने बापाचा हात धरला तेव्हा तो गरम होता.

सकाळी सात वाजता तुमचे फोन सुरू झाले. तुम्ही रातोरात पैसे जमवले होते. त्या काळात, पगार बेताचे असताना, कुणी सोसायटीचं कर्ज काढायला निघालं होतं. म्हणालात, मोठ्या खाजगी हॉस्पिटलात हलवूया, गाडी तयार आहे. मी म्हटलं, हलवू नका. दोनदा म्हटलं. तिसऱ्या वेळेला जरा ओरडूनच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

नंतर माझ्या कानावर आलं की आपल्यातलं कुणीतरी म्हणालं, सरकारी पगार घेते, सरकारी दवाखान्याचीच बाजू घेणार. ज्याने म्हटलं तो आज इथे बसलाय. काल रात्री अंगणात आम्ही दोघं बोललोय, त्यामुळे त्याला कुणी शोधू नका.

तुम्हाला त्या दिवशी मी कारण सांगितलं नाही, कारण फोनवर हे सगळं सांगायला अर्धा तास लागला असता आणि माझी पाळी संपलेली नव्हती. आज सांगते. रक्तदाब न लागणाऱ्या माणसाला मुंबईच्या पावसात एका खाटेवरून उचलून गाडीत, गाडीतून दुसऱ्या खाटेवर नेणं, यातच तो गेला असता. तिथेही स्कॅन तोच दिसला असता आणि ऑपरेशन तेच असतं. हे झालं पहिलं कारण, आणि ते पक्कं आहे. दुसरं म्हणजे त्याचे गुण. एम दोन, दोन्ही बाहुल्या गेलेल्या, आणि वर रक्तदाब कमी. मेंदूला जखम झालेली असताना रक्तही कमी पोहोचलं की जखम दुप्पट होते. मला दिसत होतं ते मी बोलले.

तो चौथा असता का? असता तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नाही असं समजू नका. एक मात्र सांगते. हलवू नका म्हणाले. उपचार थांबवा असं नाही म्हणाले. तीन दिवस त्याचं सगळं चालू होतं. रक्ताच्या अकरा बाटल्या गेल्या, त्यातल्या चार तुम्ही येऊन दिल्यात. कमी गुण म्हणजे मेंदू मृत असा अर्थ होत नाही, तीनही गुण असले तरी. मेंदूमृत्यू ठरवायच्या तपासण्या वेगळ्या असतात, १९९४ च्या अवयवदान कायद्यात त्या आहेत, डॉक्टरांचं मंडळ लागतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात. जीसीएस बघून कुणी कुणाचं यंत्र काढत नाही. काढू नये. त्या आकड्याचा मला त्या पहाटे उपयोग झाला तो एवढाच, की पोरं वेळेत एसटीत बसली.

तुम्ही जमवलेले पैसे वहिनींकडे दिलेत. त्यांनी मला सांगितलंय की धाकटीच्या फीचं पहिलं वर्ष त्यातून झालं. ती फिजिओथेरपिस्ट आहे आता. तिने आमच्याच वॉर्डात तीन महिने उमेदवारी केली आणि मला ‘मॅडम’ म्हणायची. मी म्हटलं, आत्या म्हण.

संयोजक घड्याळ दाखवतायत. दोनच गोष्टी सांगून थांबते, आणि या खरोखर कामाच्या आहेत.

रस्त्यावर अपघात दिसला तर थांबा. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ लावा. मान वाकडीतिकडी करू नका, पाणी पाजू नका. आणि तीन गोष्टी बघून ठेवा: डोळे उघडले का, काही बोलला का, दोन्ही हात, दोन्ही पाय हलवले का. किती वाजता, तेही. आणि ते गाडीतल्या डॉक्टरला सांगा. आमच्याकडे रुग्ण येतो तेव्हा हे सांगणारा कुणी नसतो. ‘आधी बोलत होता हो’ हे एक वाक्य सोन्याचं आहे. जो आधी बोलला आणि मग बेशुद्ध झाला, त्याचा मेंदू पहिल्या फटक्यात गेलेला नाही. नंतर काहीतरी साठलंय, आणि ते कदाचित काढता येईल. ग्लासगोच्या मंडळींनी १९७५ मध्येच बोलून मग दगावलेल्या रुग्णांवर एक लेख लिहिला होता. आपल्या मित्राला उचलणाऱ्या टेंपोवाल्याला मी विचारलं होतं, काही बोलला का? तो म्हणाला, ‘नाय ताई, आवाज नव्हता.’

दुसरी गोष्ट. घरातलं कुणी डोक्यावर पडलं, आणि नंतर ठीक वाटतंय, तर तो दिवस आणि ती रात्र त्याला एकटं सोडू नका. उलट्या, वाढणारी डोकेदुखी, न उठवता येणारी झोप, यातलं काही दिसलं की उचला आणि न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ठीक वाटत असतानाच न्या. आपल्या वयात ती गोळी बऱ्याच जणांना चालू आहे, काल रात्री मी मोजलंय.

बाईंनी प्रात्यक्षिक करून दाखव म्हणून सांगितलंय. ते जेवणानंतर, आपल्या जुन्या ‘ब’ वर्गात. येताना पेन आणा. नख दाबून घ्यायला एक माणूस लागेल, तो मागच्या रांगेतून मी आधीच निवडलाय.